खिडकीतलं शिसं

माझ्या काकाला सगळे पाणकोंबडा म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि त्याला ते आवडायचं, म्हणून आमचा इलाज नव्हता. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या पोटाला शेवाळ आणि शिंपल्या चिकटतात. पाण्याखाली जाऊन त्या खरवडून काढायच्या, हे त्याचं काम. पाठीवर हवेची टाकी, हातात खरवडायची पट्टी आणि कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा. माणूस पाण्यात आपोआप वर येतो, त्याला खाली धरून ठेवायला ते शिसं. आत्या म्हणायची, याला जमिनीवरही असाच एक पट्टा हवा होता. एकदा बोलायला लागला की वर वर जायचा, खाली यायचं नाव नाही.

आत्या म्हणजे त्याची थोरली बहीण. टेकडीवरच्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीची ती मुकादम, आणि मी तिच्या हाताखाली इस्त्रीवर. माझे आईवडील लवकर गेले. मला या दोघांनी वाढवलं, म्हणजे आत्यानं वाढवलं आणि काकानं लाडावून ठेवलं. आमची लॉन्ड्री इस्पितळाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर होती आणि तिच्यापुढे लांबरुंद गच्ची. मशिनं होती, पण चादरी वाळवायला आत्याचा विश्वास तारांवर. गच्चीवरून बंदर दिसायचं, आणि बंदराच्या दगडी भिंतीला चिकटलेली घरांची एक ओळ. भिंतीच्या अलीकडे खोलगट जागेत बसलेली, बुटकी, पत्र्याची घरं. त्यातलं शेवटून दुसरं काकाचं.

काकाचा डावा कान कामातून गेला होता. खालच्या दाबानं तो तरुणपणीच फुटला. त्यामुळे उजवा कान पुढे करून, मान वाकडी करून तो ऐकायचा आणि स्वतः मात्र अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असं बोलायचा. चहात साखर इतकी घालायचा की बघणाऱ्याचे दात दुखावेत. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं की म्हणायचा, "दिवसभर जहाजांची पोटं घासतो, घरी येऊन आणखी कोणाची मर्जी सांभाळू?" कोणाची अंगठी पाण्यात पडली, कोणाचा चष्मा पडला, की लोक त्याच्याकडे धावत. तो बुडी मारून वस्तू वर आणायचा, पैसे घ्यायचा नाही, पण ती गोष्ट पुढे वर्षभर सांगायचा. त्यापेक्षा पैसे घेतलेले परवडले असते.

ओळीतल्या शेवटच्या घरात सुकाणू राहायचा. जहाजं ओढणाऱ्या बोटीचं सुकाणू त्यानं उभा जन्म धरलं, म्हणून ते नाव. आता निवृत्त, गुडघे आखडलेले, काठीशिवाय उठता येत नाही आणि काठी धरायची लाज वाटते. काकाचा हा जिवलग मित्र. काका बोलायचा आणि सुकाणू ते ओळभर पोचवायचा, थोडं वाढवून.

हे सगळं सांगते आहे कारण वादळ आलं की ओळीतली माणसं घरं सोडतील की नाही, हे एकाच माणसाकडे बघून ठरायचं. तो माणूस माझा काका होता. आणि तसं व्हायला एक वादळ कारण झालं.

त्या वर्षी वादळ यायच्या आधी कितीतरी दिवस जमिनीकडून वारा वाहत होता. कोरडा, धुळीचा. आमचे ओठ फुटले, आत्याच्या हातांना भेगा पडल्या, नळाखालची बादली सोडली तर कुठे ओल म्हणून नव्हती. चादरींची मात्र चंगळ. शेवटची चादर तारेवर टाकून होईतो पहिली कडक झालेली असायची. इस्त्री फिरवायच्या आधी मला त्यांवर पाणी शिंपडावं लागायचं. त्यातच रेडिओवर हवामानखात्याची बाई सांगायला लागली की समुद्रात वादळ आहे आणि ते आपल्याकडे वळतंय. बाईचा आवाज शांत, शाळेतल्या चांगल्या शिक्षिकेसारखा. ती म्हणाली, "वादळात कोरडी हवा शिरते आहे, आणि किनाऱ्याजवळचं पाणी गार आहे, त्यामुळे त्याचा जोर ओसरण्याची शक्यता आहे. तरीही सखल भागातल्या लोकांनी घरं सोडावीत."

ओळीत बांधाबांध सुरू झाली. गाद्या गुंडाळल्या, भांडी पोत्यात भरली. तेव्हा काका गल्लीच्या मधोमध उभा राहिला. मी त्याचा डबा घेऊन गेले होते, म्हणून हे माझ्यासमोर झालं.

"कशाला पळताय?" तो म्हणाला. "वादळ म्हणजे काय? चुलीवरचं पातेलं. खाली जाळ, वर वाफ. जाळ कसला, तर कोमट समुद्राचा. मी रोज त्यात असतो, माझ्या गुडघ्यांना विचारा. वरचं चार हात पाणी कोमट, त्याच्या खाली नुसतं गार. वादळ आलं की समुद्र घुसळणार, ते गार पाणी वर काढणार, आणि आपल्याच चुलीत ओतून घेणार. जाळ विझला. राहिली वाफ. ती आमच्या ताईच्या चादरींना विचारा. ही हवा इतकी तहानलेली आहे की बघता बघता चादर पिऊन टाकते. वादळाचे ढग काय सोडणार आहे?"

सुकाणू दारातून म्हणाला, "पाणकोंबडा खाली जाऊन बघून आलाय. रेडिओवरची बाई खाली गेलीये का?"

ओळ थांबली. दुपारी आभाळ भरून आलं, सुकाणूनं दारात दोन खुर्च्या मांडल्या, आणि दोघं चहा पीत वादळाची वाट बघत बसले. वादळ आलं आणि किनाऱ्यासमोरच त्याचा जीव गेला. ढगांची फाटाफूट झाली, जरासा पाऊस शिंपडला, लाटांनी भिंतीवर शेवाळ फेकलं, बस. सुकाणूनं दुसरा कप भरून घेतला.

त्यानंतर काकाचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. घराला रंग द्यायचा असला तरी लोक त्याला विचारून दिवस ठरवायला लागले. "काय म्हणतंय पाणी?" असं म्हणूनच त्याला हाक मारायचे. आणखी दोन-तीन वादळं निघाली, ती वाटेतच वळली किंवा विरली, त्यांचंही श्रेय यालाच. दर वेळी त्या दोन खुर्च्या दारात यायच्या. मला गंमत वाटायची. आत्याला वाटायची नाही. ती म्हणायची, "बाई 'तरीही' म्हणाली होती. ते कोणी ऐकलंच नाही." मी तिला म्हटलंही, की अगं पण काकाचं चुकलं कुठे? शब्दन्‌शब्द खरा होता. कोरडी हवा होती, खाली गार पाणी होतं, दोघांनी मिळून वादळ मारलं. त्या दिवशी ते खरं होतं. काकानं ते कायमचं खरं धरून ठेवलं, एवढंच.

मग काही वर्षांनी ते दुसरं वादळाचं वर्ष आलं.

त्या वर्षी वारा समुद्राकडून यायचा, आणि तोही अर्धामुर्धा. हवा अंगाला चिकटायची. मिठाच्या बरणीत मिठाचा दगड झाला, काड्यापेटीतली काडी पेटेना. वरच्या मुलखात धो धो पाऊस लागला होता, आमच्याकडे नुसतं दमट. नदी दुथडी भरून आली आणि बंदरात गढूळ पाणी ओतायला लागली. सकाळी गच्चीवरून बघावं तर समुद्र निळा दिसतच नव्हता. दूरवर, जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत, चहाच्या रंगाचं पाणी.

काका वैतागलेला असायचा. "हाताला हात दिसत नाही," तो म्हणायचा. "जहाजाचं पोट कुठलं आणि माझं कुठलं, कळत नाही." एकदा त्याच्याकडे डबा घेऊन गेले तर त्यानं पट्ट्यातला शिशाचा एक तुकडा काढून खिडकीत ठेवला होता. खिडकीचं दार वाऱ्यानं आपटायचं, त्याला अडण म्हणून. मी विचारलं, "हा का काढलास?"

"गोड पाणी झालंय ना वर. नदीचं. खाऱ्या पाण्यात माणूस तरंगतो, गोड्यात बुडतो. एवढं शिसं लावलं तर दगडासारखा जाईन खाली." मग हसून म्हणाला, "मजा आहे बघ. वरून खाली गेलं की एका जागी पाणी थरथरतं, तेलासारखं. त्याच्यावर गोड आणि कोमट, त्याच्याखाली खारं आणि गार. पायांत हिवाळा, डोक्यात उन्हाळा. इतके दिवस झाले, पण एकमेकांत मिसळायला तयार नाहीत."

मीही हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे मला कळायचं कारण नव्हतं. त्याला होतं, आणि तोही हसला.

गच्चीवर चादरी वाळेनात. सकाळी टाकलेली चादर संध्याकाळी काढावी तर टाकली तेव्हापेक्षा जड. कुबट वास यायला लागला. आत्यानं मशिनं चालवली, पंखे लावले, वॉर्डांतून निरोपावर निरोप येत होते की चादरी पाठवा. एका दुपारी ती तारेपाशी उभी राहून एका चादरीचं टोक नुसतं चिमटीत धरून राहिली. मला वाटलं थकली असेल. जवळ गेले तर म्हणाली, "हवेचं पोट भरलंय. एक थेंब घेत नाही." तिचा चेहरा मला आवडला नाही. आत्या घाबरली की रागावल्यासारखी दिसते, आणि त्या दिवशी ती फार रागावल्यासारखी दिसत होती.

त्याच आठवड्यात रेडिओवरची बाई बोलायला लागली. समुद्रात वादळ आहे. आपल्याकडे वळतंय. या वेळी ती जोर ओसरण्याबद्दल काही बोलली नाही.

आत्या काम टाकून खाली गेली, मी तिच्या मागे. काका दारात बसून पट्टी घासत होता. शेजारी सुकाणूच्या दारात खुर्च्या आलेल्याच होत्या.

"चल वर," आत्या म्हणाली. "लॉन्ड्रीत जागा आहे. ओळीतल्या सगळ्यांना घेऊन चल."

"ताई, बस जरा. चहा घे."

"चहाला नाही आले. चादरी वाळत नाहीयेत."

"मग इस्त्री फिरवा."

"अरे, मागे तूच म्हणाला होतास ना, ही हवा वादळाला पिऊन टाकेल? आता ती काही पीत नाहीये. तीच ओली आहे. वादळाला खायला घालेल ती."

काकानं पट्टी खाली ठेवली. तेवढं त्यानं ऐकून घेतलं, हे मी बघितलं. पण लगेच मान वाकडी केली आणि म्हणाला, "हवा असू दे ओली. खाली पाणी गार आहे. आज सकाळी गुडघे आखडले माझे. वादळ आलं की घुसळेल आणि ते वर येईल. अर्धं औषध तरी आहे."

सुकाणू म्हणाला, "तुम्ही वर जा, ताई. आम्ही इथून बघतो. इथून चांगलं दिसतं."

ओळीतली माणसं आपापल्या दारांतून ऐकत होती. आत्या परत फिरली तसे जे कोणी बांधाबांध करत होते तेही थांबले. मला काकाचा इतका राग आला की मी डबा त्याच्या हातात न देता पायरीवर आपटला.

वादळ यायच्या दिवशी सकाळी वारा पूर्ण पडला. बंदरातले पक्षी गेले होते. समुद्र तसाच चहाच्या रंगाचा, सपाट, आणि लांबून एकेक रुंद लाट यायची, सावकाश, आवाज न करता, आणि भिंतीला अंग घासून परत जायची. इस्पितळात खालच्या मजल्यावरचे रुग्ण वर हलवायला घेतले होते. आम्ही ओल्याच चादरींवर इस्त्री फिरवत होतो, नुसता वाफेचा लोट. रेडिओ इस्त्रीच्या टेबलावर होता.

बाई म्हणाली, वादळ काल दुपारपासून वाढतंय. आजूबाजूची हवा दमट आहे, कोरडी हवा कुठूनच त्याच्यात शिरत नाही. मग म्हणाली, "एरवी वादळ समुद्र घुसळून खालचं गार पाणी वर आणतं आणि त्यामुळे स्वतःच कमजोर होतं. या वेळी नद्यांचं गोडं पाणी किनाऱ्यापासून दूरवर पसरलं आहे. ते हलकं असल्यामुळे वरच थर धरून राहतं आणि तापतं. झाकण ठेवल्यासारखं. खालचं गार पाणी वर यायला वाव नाही. कृपा करून सखल भागातली घरं सोडा." शेवटच्या वाक्याला तिचा आवाज तसा शांत राहिला नाही.

आत्यानं इस्त्री उभी केली. माझ्याकडे बघून म्हणाली, "खिडकीत काय ठेवलंय म्हणाली होतीस त्यानं?"

आम्ही धावतच खाली गेलो. काका घरातच होता. आत्या त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. सरळ खिडकीपाशी गेली, शिशाचा तुकडा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. दार सुटून आपटलं. वारा सुरू झाला होता.

"हा का काढलास?"

"गोड पाणी..." काका म्हणाला, आणि थांबला.

"किती दिवस झाले काढून?"

काका बोटांवर दिवस मोजायला लागला.

"वरचं पाणी खालच्यात मिसळत नाही, हे तूच हिला सांगितलंस ना? हसून सांगितलंस. मग तुझं गार पाणी वर येणार कसं? कोण आणणार आहे त्याला, तू?"

माझ्या काकाला गप्प बसलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. त्यानं तो तुकडा तिच्या हातातून घेतला, तळहातावर तोलला, जसं काही त्याचं वजन त्याला नव्यानं कळत होतं, आणि पुन्हा खिडकीत ठेवला. मग त्यानं बुडी मारायचा पट्टा नाही, टाकी नाही, काहीच घेतलं नाही. गल्लीत गेला आणि त्याच्या त्या साऱ्या बंदराला ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाला, "चला. सगळे चला. माझं चुकलं. वर चला."

तुम्हाला वाटेल, लगेच निघाले असतील. नाही निघाले. माणसाला इतकी वर्षं थांब म्हणून सांगितल्यावर एका हाकेत पळ म्हटलं तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. कोणी हसलं. कोणी म्हणालं, जेवण करून निघतो. काका एकेका घरात शिरला, गाद्या उचलून बाहेर फेकल्या, म्हाताऱ्यांना उचलून रस्त्यावर आणलं. आत्या आणि मी लोकांना चढावाला लावत होतो. लाटा आता भिंतीवरून यायला लागल्या होत्या. पत्रे वाजत होते. ओळ रिकामी होत गेली, एक टोक धरून, शेवटच्या घराकडे.

सुकाणूनं खुर्च्या आत घेतल्या होत्या. खिडकीशी दोन्ही मांडून एकीत तो बसला होता आणि स्टोव्हवर चहा ठेवला होता. मी काकाच्या मागे दारात होते, म्हणून मला सगळं दिसलं आणि ऐकूही आलं.

"ऊठ," काका म्हणाला.

"बस. चहा होतोय."

"ऊठ म्हणतो ना. हे मरणार नाही. हे मोठं होऊन येतंय."

"ताईनं घाबरवलं तुला."

"ताईनं नाही. मला माहीत होतं, माझ्या लक्षात आलं नाही. ऊठ, मी घेतो तुला पाठीवर."

सुकाणू चिडला. काठीही न धरणारा माणूस तो, सगळी ओळ चढावावरून बघत असताना कोणाच्या पाठीवर बसून कसा जाणार होता? म्हणाला, "मी उभा जन्म बोटीवर काढला. पाठीवर जाणार नाही. माझा मी येतो चालत. तू पलीकडच्या बाईची पोरं पोचव, ती दोन-दोन पोरं घेऊन उभी आहे. तोवर माझा चहा होतो." आणि मग, काका जागचा हलत नाही हे बघून, त्यानं समजूत घातल्यासारखं सांगितलं, "अरे, तूच सांगितलं होतंस ना? खाली गार आहे म्हणून?"

काकानं त्या बाईची दोन्ही पोरं उचलली. ती चढावावर ठेवून तो वळेपर्यंत समुद्र भिंतीवरून आत आला. लाट नव्हे. लाट आली तर परत जाते. हे पाणी उंच होऊन आलं आणि भिंतीच्या आत ओतत राहिलं. काका त्यात उतरला. छातीपर्यंत गेला, गळ्यापर्यंत गेला, एक पत्रा उडत येऊन त्याच्या खांद्याला लागला, आणि चार माणसांनी त्याला ओढून काढलं. तो त्यांना मारत होता. आत्या रस्त्यावर बसून राहिली होती, चिखलात, आणि मी तिला उठवू शकत नव्हते.

वादळ गेल्यावर समुद्र मागे हटला, पण भिंतीच्या आत कोंडलेलं पाणी तसंच राहिलं. घरं त्यात छतापर्यंत बुडून उभी होती, काहींचे पत्रे गेलेले. बुडी मारायला बाहेरून माणूस मागवू, असं बंदराचे साहेब म्हणाले. काका म्हणाला, "मी जातो." खांदा बांधलेला होता. त्याला कोणी नको म्हणालं नाही.

आधी तो स्वतःच्या घरात गेला, कारण टाकी आणि पट्टा तिथेच होता. नुसता श्वास धरून गेला आणि दोन्ही घेऊन आला. मग पट्टा बांधून शेवटच्या घरात उतरला. आम्ही काठावर उभे होतो. ओळीतली सगळी माणसं होती, पोरांची आईसुद्धा. काकानं सुकाणूला बाहेर आणलं, पाठीवरून. 

संध्याकाळी लॉन्ड्रीत आत्यानं त्याला कोरड्या चादरीत गुंडाळून बसवलं. त्या दिवशी चादरी वाळल्या होत्या. वादळामागून कोरडा वारा आला होता. तो म्हणाला, "खुर्च्या दोन्ही छताला लागल्या होत्या." मग म्हणाला, "माझ्या घरातलं हलकं ते सगळं वाहून गेलं. शिसं तेवढं खिडकीत होतं. जागचं हललं नाही." तो रडला नाही, म्हणून मी रडले. मला अजूनही त्या दिवशीचा सगळ्यांचा राग येतो. काकाचा येतो, सुकाणूचा येतो, त्या कोमट पाण्याचाही येतो.

ओळ पुन्हा बांधली. दुसरीकडे जागा मिळेपर्यंत म्हणून बांधली आणि मग तिथेच राहिली, नेहमी होतं तसं. काकानंही घर उभं केलं. शिशाचा तो तुकडा त्यानं पट्ट्यात परत ओवला नाही, नवीन खिडकीत ठेवला. आता कोणी "काय म्हणतंय पाणी?" असं विचारलं तर तो "रेडिओ लावा" म्हणतो आणि चालायला लागतो. चहात साखर घालत नाही.

परवा पुन्हा वादळाची सूचना आली. जमिनीकडून कोरडा वारा सुटलेला, नदी आटलेली, समुद्र निळाशार. चादरी तारेवर टाकताच कडकडायला लागल्या. रेडिओवर आता दुसरी बाई असते. ती म्हणाली, वादळात कोरडी हवा शिरते आहे, पाणी गार आहे, जोर ओसरण्याची शक्यता आहे, तरीही. पुढचं मी ऐकलं नाही, कारण गच्चीवरून मला ओळीत काका दिसला.

भर दुपारी, सगळ्यांना दिसेल असा, डोक्यावर गादी घेऊन तो गल्लीच्या मधोमध चालला होता. मुद्दाम सावकाश. खांदा अजून नीट वर जात नाही त्याचा, त्यामुळे गादी एका बाजूला कललेली. दारांतून लोक हसत होते. कोणीतरी काहीतरी बोललंही. पण तो शेवटच्या वळणावर पोचेतो एका दारातून पोतं बाहेर आलं, मग दुसऱ्या दारातून एक बाई पोराला कडेवर घेऊन निघाली, आणि चढावाला लागेतो सगळी ओळ त्याच्या मागे होती.

वर आल्यावर त्यानं लॉन्ड्रीच्या कोपऱ्यात गादी टाकली. आत्या आता फार थकली आहे, ती खुर्चीतूनच म्हणाली, "अरे, चादरी बघ, पापुद्र्यासारख्या वाळल्यात. हे वादळ समुद्रातच मरेल. तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे," काका म्हणाला. "आज सकाळीच खाली जाऊन आलो. तळापर्यंत गार आहे, वर गोड पाण्याचा टिपूस नाही. नक्की मरेल."

"मग कशाला ही यातायात?"

काकानं उजवा कान तिच्याकडे केला होता, तो तसाच राहिला. खाली रस्त्यावर माणसं अजून येत होती. तो म्हणाला, "सुकाणूलाही मी 'नक्की'च म्हणालो होतो, ताई."

दुपार टळायच्या आत वादळ समुद्रातच मेलं. काकानं गादी उचलली नाही. ओळीतल्या शेवटच्या घरातला नवा माणूस वर आला का, ते बघायला तो खाली जिन्यात गेला होता.